काळ्या मेंढ्याच्या मागे, गोराईपर्यंत

एसटीत चढताना माझ्या पिशवीत कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली आणि दादानं वळलेलं लोकरीचं दावं होतं. दाव्याचं टोक बाहेर लोंबत होतं. कंडक्टरनं ते पाहिलं.

"मास्तर, मुंबईला बैल आणायला निघालात का काय?"

"मेंढा आणायला."

तो मोठ्यानं हसला. त्याचं चुकलं नव्हतं. आमच्या माणदेशातून मेंढरं मुंबईला जातात. तिकडून परत येत नाहीत.

दादा, माझा थोरला भाऊ, चैत्रात गेला. मी शिकून तालुक्याच्या ग्रंथालयात लागलो, तो मेंढरांमागे राहिला. त्याचा कळप सगळा काळा, दख्खनी जातीचा. हा काळा रंग शाईसारखा नसतो. उन्हानं लोकरीची टोकं तांबूस होतात. नाकाचा कणा किंचित बाकदार, छाती अरुंद, पाय लांब आणि खूर दगडासारखे. पोटाखाली आणि पायांवर लोकर जवळजवळ नसतेच, म्हणून पावसात चिखल धरत नाही. वाळलेल्या कुसळांवर जगायचं आणि रोज मैलोगणती चालायचं, यासाठीच जणू ते जनावर घडलेलं असतं.

आता आमच्या भागातल्या बहुतेक कळपांत पांढरे, उंच, आखूड केसांचे नर आलेत. त्यांची पिल्लं लवकर वजन धरतात, आणि लोकर तर कोणी फुकटही नेत नाही. दादानं मात्र एक काळा नर राखला होता. दहाव्या दिवसाच्या गडबडीत एका पाहुण्यानं मदत म्हणून विकायची नर पिल्लं व्यापाऱ्याच्या गाडीत चढवली आणि त्यांच्याबरोबर हा नरही गेला. आम्हाला कळलं तेव्हा गाडी घाट उतरली होती. मी आसपासच्या सगळ्या वाड्या फिरलो. तसा दुसरा नर मिळाला नाही. पाऊस पडला की मेंढ्या माजावर येणार. तोवर काळा नर आला नाही तर शेजारचा पांढरा सोडावा लागणार, आणि दादाचा कळप एका पिढीत दुसराच होणार.

"भाऊजी, जिता असला तर बघा," वहिनी म्हणाली. दावं तिनंच पिशवीत घातलं.

पहाटे कुर्ल्याला उतरलो. एवढ्या सकाळीही हवा ओली आणि जड होती. गोवंडीच्या बाजूला व्यापाऱ्याच्या वाड्यात सलीमभाई नावाचा त्याचा माणूस चहा पीत बसला होता. मी डाव्या कानाला खुणेचे दोन काप असलेला काळा मेंढा विचारला.

"मास्तर, इथं रोज गाडी खाली होते. एकेकाचा चेहरा लक्षात ठेवला तर माझी वाट लागेल ना." मग त्यानं कप खाली ठेवला. "थांबा. काळा? लोकरवाला? तो याद आहे. मुंबईत तसला कोण घेत नाय. सगळ्यांना पांढरा पायजे, उंच, पोपटाच्या नाकाचा. तो पडूनच होता. मग गोराईची पार्टी आली, लग्नासाठी घेऊन गेली."

"लग्नासाठी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जाऊन बघा. काय सांगता येतं?"

घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरीला आणि तिथून दुसऱ्या मेट्रोनं बोरिवलीला गेलो. गाडी थंडगार होती. खिडकीतून उंच इमारती आणि त्यांच्यामागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसत होते. दोन इमारतींमध्ये कुठे हिरवा तुकडा दिसला की यावर कळप किती वेळ चरेल, असं मनात यायचं. हा हिशेब दादाचा. प्रवासात तो सारखा करायचा आणि मी पुस्तकातून डोकं वर न काढता 'हो' म्हणायचो. आता पुस्तक पिशवीतच राहिलं होतं.

बोरिवलीच्या धक्क्यावरून होडी खाडीपलीकडे जाते. ओहोटी होती. दोन्ही काठांना तिवरं (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) मुळं उघडी टाकून उभी होती. चढताना शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि एक चप्पल चिखलात गेली. बघता बघता ती दिसेनाशी झाली. शेजारी रिकामी टोपली घेऊन बसलेली कोळीण म्हणाली, "एक घालून कुठं मिरवतोस रे? ती पण देऊन टाक खाडीला, जोडी तरी होईल तिची."

सगळी होडी हसली. मीही हसलो. दादा गेल्यावर पहिल्यांदाच, हे पलीकडे उतरल्यावर लक्षात आलं.

गोराईत लग्नासाठी काळा मेंढा आणलेलं घर विचारत विचारत, अनवाणी, रेजिना आंटी नावाच्या बाईच्या दारी पोचलो. पुढे व्हरांडा, बाजूला क्रूस, मागे भातखाचर. कोकणातल्यासारखं घर आणि मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं. आंटी सत्तरीची असेल. तिचा मुलगा मेल्विन दारात स्कूटर पुसत होता. मी मेंढ्याचं नाव काढताच तो ओरडला, "मम्मी, बॉक्सरचा नातेवाईक आला गं!"

"म्हणजे जिवंत आहे?"

"जिवंत? आमच्यापेक्षा चांगला जेवतो तो. भाच्याच्या लग्नासाठी आणला होता. कापायच्या दिवशी हिनं दाराला कडी लावली. म्हणे, तो माझ्या मागं मागं येतो. लग्नात आम्ही डुकरावर भागवलं, यार."

"तू गप रे," आंटी म्हणाली. "बस बाबा. इतक्या लांबशी आयलास, पाय बघ कसे झाले." तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि बशीत फुगिया (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल गोळे) ठेवल्या. त्या मऊ आणि किंचित गोड होत्या. मी दादाबद्दल सांगितलं. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली.

मेंढा मागच्या आंब्याखाली उभा होता. उकाड्यानं तडफडतो म्हणून त्यांनी त्याची लोकर कातरली होती, वेडीवाकडी. अंगावर चरबी आली होती. खूर मऊ वाळूत न झिजता पुढे वळले होते. डाव्या कानाला दोन काप होते. मी त्याच्याजवळ बसलो, दादा करायचा तसा एकेक पाय उचलून पाहिला, आणि मागच्या पायाशी माझा हात थांबला.

त्याला खच्ची केलं होतं.

"पहिलं लई मारायचा," आंटी मागून कौतुकानं सांगत होती. "मेल्विनची स्कूटर दोनदा आडवी केली. शेजारी बोलाय लागले, पोरांना लागंल. मग डॉक्टर बोलावला. आता बघ, कसा गरीब झालाय."

मेंढ्यानं माझा हात हुंगला. वास ओळखीचा वाटला की पिठाचा लागला, कोण जाणे.

"तुझ्या भावाचा हाय ना?" आंटीचा आवाज बदलला होता. "मग ने. माझा काय हक्क? ने तू." असं म्हणताना तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला, तो काढला नाही.

मी पिशवीतलं दावं चाचपलं. तिला काय सांगणार होतो? तिनं त्याला सुरीखालून सोडवलं होतं. दादा असता तर तिच्या पाया पडला असता, आणि मग आंब्यामागे जाऊन रडला असता.

"राहू दे, आंटी," मी म्हणालो. "इथं सुखात आहे."

"मोठ्या मनाचा हायेस रे," ती म्हणाली आणि डोळे पुसले. निघताना तिनं कातरलेली लोकर पिठाच्या गोणीत भरून दिली. मेल्विननं आपल्या जुन्या चपला दिल्या आणि मला स्कूटरवरून धक्क्यापर्यंत सोडलं. परतताना खाडीत भरतीचं पाणी आलं होतं. चप्पल गेली ती जागा ओळखू आली नाही.

घरी पोचलो तेव्हा वहिनी वाघरीपाशी (मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाशी) उभी होती. माझ्या मागे तिनं पाहिलं, मग गोणीकडे.

"कापला?"

"नाही. जिवंत आहे. चांगल्या घरी आहे." मग पुढचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग गोणीत हात घालून लोकर बोटांनी विंचरली. "घोंगडीला पुरायची न्हाई," एवढंच म्हणाली.

पाऊस वेळेवर आला. शेजारचा पांढरा नर कळपात सोडला.

कार्तिकात पहिलं पिल्लू झालं. पांढरं, पाठीवर तपकिरी ठिपके, लांब कानांचं. बघायला आलेले सगळे म्हणाले, वजनाला जोरदार आहे. ते खरंच होतं. पिल्लाचा दोष नव्हता, पांढऱ्या नराचा नव्हता, आणि ज्या बाईनं एका मुक्या जिवावर माया केली तिचाही नव्हता. एवढा प्रवास करून मला जिच्यावर रागवावं अशी एकही व्यक्ती भेटली नाही.

दख्खनी पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर मऊ कुरळी लोकर असते. वहिनीनं ओलं पिल्लू मांडीवर घेतलं, फडक्यानं पुसलं आणि सवयीनं त्याच्या पाठीवर बोटं रुतवायला गेली. बोटं गुळगुळीत केसांवरून घसरली. तिनं पुन्हा एकदा करून पाहिलं. मग तळहात सपाट केला आणि तसाच फिरवत राहिली.