चित्रातला चतुर आणि सासूबाईंच्या पाटल्या

लेकीच्या लग्नाचा हार ठरला तो इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात. फ्रान्समधल्या दागिने घडवणाऱ्यांनी फार पूर्वी रंगवलेल्या चित्रांचं जाडजूड पुस्तक होतं. एका पानावर वेलीच्या पानांचा हार आणि त्याला लोंबणारा निळ्या पंखांचा चतुर. "मम्मा, धिस वन," लेक म्हणाली.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी हातातल्या पाटल्या उतरवून साताऱ्याच्या आमच्या सोनाराला दिल्या. "नातीच्या गळ्यात बघितल्या की झालं," म्हणाल्या. मी नको म्हटलं, पण फार जोर लावून नाही, हे कबूल करते.

आता हा सोनार. त्याला काहीही करायला सांगा, तो त्यात मोर घालतो. माझ्या साध्या कुड्यांत घातला, नणंदेच्या पैंजणांत घातला. म्हणून चित्राचा फोटो पाठवला आणि फोन करून त्याला आधीच झापलं, "चित्रात आहे तस्संच हवं. एक पान इकडचं तिकडे झालं तर याद राखा!"

"बरं ताई," एवढंच तो म्हणाला.

सासूबाई हार घेऊन साताऱ्याहून निघण्याआधी मी त्यांनाही बजावलं, की इथल्या विमानतळावर झाडपाला, किडे, जे असेल ते खरं सांगायचं. त्यांनी सांगितलं. "लीफ," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "अँड वन इन्सेक्ट." त्याने हातमोजे घालून डबी उघडली, चतुर उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, बाकीचा हार कुठे?

बाकीचा हार नव्हताच. दोन्ही बाजू सारख्या असल्या की ते फ्रेंच कारागीर एकच बाजू रंगवायचे. दुसरी आपोआप कळतेच, असं मी धरून चालले होते. सोनाराला तणतणत फोन लावला.

"कळलं होतं ताई. पण तुम्ही तस्संच म्हणालात," तो म्हणाला. पाटल्यांचं सगळं सोनं त्याने त्या अर्ध्यातच ओतलं होतं. "मोर मात्र नाही घातला हं."

"मला वाटलं, तुमच्याकडे फॅशन असेल," सासूबाई पुटपुटल्या. त्यांच्या मनगटांवर पाटल्यांच्या जागी फिकट वर्तुळं तेवढी उरली होती. ती बघून मला माझीच इतकी लाज वाटली, की रडूच आलं.

लेकीने हार गळ्याला लावून बघितला. एक टोक खांद्यावर, दुसरं हवेत. मग तिने आजीचा डावा हात ओढला, हार मनगटाभोवती गुंडाळला आणि कडी चतुराच्या शेपटीत अडकवली. नेमका बसला.

"स्वीट ॲज, आजी," ती इथल्या पोरांच्या भाषेत म्हणाली, म्हणजे एकदम झकास. "इट्स युअर्स एनीवे."

लग्नात नवरीचा गळा मोकळा होता. सासूबाईंनी सगळ्या अक्षता डाव्या हाताने टाकल्या. भटजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी कुणालाच काही सांगायला गेले नाही.