शांताक्काच्या दारातलं उपोषण

खानावळीच्या दारात उपोषणाला बसू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ही गोष्ट वेगळी. नववी नापास झाल्यावर मी जे काही शिकलो ते कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून, वकिलांच्या मागं मागं हिंडून आणि भज्यांच्या पुड्या सोडून वाचून. माहितीचा अधिकार मला कलमांसकट पाठ आहे. फक्त भुकेतलं काही कळत नव्हतं.

गोष्ट शांताक्काची आहे. मध्ये मध्ये माझंच नाव येईल, त्याला इलाज नाही.

शांताक्का मूळची मुरुमची. हिशोब कानडीत करते, भांडण मराठीत. नवरा गेल्यावर एक तवा घेऊन धाराशिवला आली आणि कोर्टाच्या मागच्या रस्त्याला आण्णासाहेबांच्या गाळ्यात खानावळ घातली. माझ्यासारख्या कुणालाही ती 'तम्मा' म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. ज्वारीची भाकरी, भाजून दळलेल्या येसराची आमटी, शेंगाची चटणी, बस. पण तिची एक रीत सगळ्या कोर्टाला माहीत होती. ज्याला नुसती पुढची तारीख मिळाली, त्याच्या ताटात जास्तीचं पिठलं पडायचं. जो खटला हरून आला, त्याला न मागता शेंगाची पोळी. ती कुणाला काही विचारायची नाही. माणूस चपला कशा काढतो, एवढंच बघायची. ताटात पोळी दिसली की शेजारचे लोक आपोआप हळू बोलायचे.

तोवर आमचा रस्ता बदलत चालला होता. सायकलवाला गेला आणि मोबाईलवाला आला. मोबाईलवाल्याला भाडं परवडेना म्हणून केकवाला आला. शिंप्याच्या गाळ्यात काचेचं सलून झालं, तिथं आत जायचं तर मला आधी घरी जाऊन दाढी करावीशी वाटते. दर दिवाळीला एखादा बोर्ड उतरायचा आणि भाडं चढायचं. उरली होती शांताक्का. मग आण्णासाहेबांचा मुलगा कुलदीप पुण्याहून परत आला. त्यानं कॅफेवाला गाठला. भाडं तिप्पट देतो म्हणाला. शांताक्काला निरोप गेला, दसऱ्यापर्यंत गाळा मोकळा करा.

मला कळलं तेव्हा मी ताटावर होतो. तसाच उष्ट्या हातानं उठलो आणि भर रस्त्यात कुलदीपला गाठलं.

"हा अन्याय आहे. समिती रस्त्यावर उतरेल."

"कुठली समिती, अध्यक्ष?"

"संध्याकाळपर्यंत होईल."

आणि झाली. 'शांताक्का खानावळ बचाव कृती समिती'. अध्यक्ष मी, उपाध्यक्ष धनाजी. धनाजी रिक्षा चालवतो आणि माझ्या सगळ्या समित्यांत उपाध्यक्ष असतो. शांताक्का म्हणाली, "तम्मा, भांडण नको. आण्णासाहेब देवमाणूस हाय. मी बोलते त्यांच्याशी."

"अक्का, बोलून हक्क मिळत नसतो," मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडतं. प्रत्येक आंदोलनात वापरतो.

साखळी उपोषण ठरलं. म्हणजे सकाळी कोर्ट उघडल्यापासून सुटेपर्यंत उपाशी बसायचं, रोज नवा माणूस. मी अध्यक्ष आणि धनाजी उपाध्यक्ष, म्हणून आम्ही दोघं रोज. निवेदन दिलं, मांडव घातला, फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर माझा फोटो, उजव्या हाताचं बोट आभाळाकडं. फोटोवाला म्हणाला होता, या पोजमध्ये माणूस पुढारी दिसतो. खाली बारीक अक्षरात शांताक्काचं नाव. फ्लेक्स एवढा मोठा झाला की तिचा बोर्ड त्याच्यामागं पूर्ण झाकला गेला. ते मला दिसलं. पण माझा फोटो झाकायचा का तिचा बोर्ड, असा प्रश्न आल्यावर मी चळवळीचं हित बघितलं.

पहिल्याच दुपारी नेहमीची मंडळी आली. म्हातारे वकील, पक्षकार, अभ्यासिकेतली पोरं. मांडवाशी थांबली, आमच्याकडं बघितलं, हात जोडले. "चालू द्या" म्हणून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. मी बातमीदाराला मजकूर दिला, 'आंदोलनास वाढता पाठिंबा'. आतून आमटीचा वास यायचा आणि माझ्या पोटात घोषणा चालायच्या, पण मी मान ताठ ठेवली. धनाजी तर उपवासानं तजेलदार दिसायला लागला होता. मला त्याचा अभिमान वाटला.

पाचव्या दिवशी कुलदीप गाडीवरून उतरला. हातात कोल्ड कॉफी.

"अध्यक्ष, अजून आठवडाभर बसा. गाळा आपोआप मोकळा व्हायलाय."

"म्हणजे?"

"आत बघा की एकदा."

मी तावातावानं आत गेलो. सगळी बाकं रिकामी. टोपल्यात भाकऱ्यांची चळत तशीच. मागच्या दाराजवळ मात्र एक माणूस पाठ करून बसला होता. उपाध्यक्ष.

"धनाजी?"

"म्या लघवीला आलो होतो."

"आमटीची वाटी घेऊन?"

"अध्यक्ष, तुमी पुढं बसता. मागं वास लई येतो."

मी त्याची गचांडी धरणार, तेवढ्यात शांताक्का तव्यापासून उठली. "बसू दे त्याला. आज एवढंच गिऱ्हाईक हाय. कालचा तुझा माणूस बी इथंच जेवला. परवाचा तर दोन भाकऱ्या बांधून घेऊन गेला. रोख दिलं बिचाऱ्यांनी."

"आणि बाकीचे लोक?"

"तम्मा, दारात माणूस उपाशी बसलेला. त्याला ओलांडून कोण ताटावर यायचा? घास उतरंल व्हय कुणाचा? वकीलसाहेब काल म्हणाले, शांताबाई, तुमची आमटी चांगली हाय, पण पाप नको."

आपल्या मुलखात एवढी साधी गोष्ट शेंबड्या पोराला कळते. मला कळायला पाच दिवस लागले, आणि तेही कोल्ड कॉफीवाल्यानं सांगितल्यावर. आता शहाण्या माणसानं मांडव काढला असता. मी बाहेर आलो, खुर्चीवर चढलो आणि जाहीर केलं की उद्यापासून आमरण उपोषण. राग आला की माझ्या तोंडून घोषणाच बाहेर पडते. धनाजी हात पुसत पुसत टाळ्या वाजवायला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आण्णासाहेब आले. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही, मागच्या दारानं आत गेले. मी मनातल्या मनात शेवट मांडत होतो. तहसीलदार येणार, लिंबूसरबताचा ग्लास माझ्या ओठाला लावणार, शांताक्का डोळे पुसणार. बातमीदाराला कुठं उभं राहायचं तेही सांगून ठेवलं होतं.

बाहेर आली ती शांताक्का. हातात ताट. मागं आण्णासाहेब, खाली मान घालून. तिनं ताट माझ्या मांडीवर ठेवलं. भाकरी, आमटी, चटणी. आणि कडेला शेंगाची पोळी.

मांडवातले सगळे हळू बोलायला लागले.

"अक्का, निकाल काय लागला?"

"आधी खा."

"नाही. आधी सांग."

"हा गाळा कॅफेला गेला. मला वरची खोली दिली, जुन्या भाड्यात. जिना मागून हाय."

"म्हणजे आपण अर्धं जिंकलो की."

"आण्णासाहेब म्हणाले, माझ्या भिंतीला टेकून कुणी उपाशी मेलं तर मला रात्री झोप लागायची न्हाय. मी म्हणाले, मी उठवते त्याला, वरची खोली द्या. तम्मा, तुला उठवायचं, एवढंच माझ्याकडं द्यायला होतं."

मी ताट मांडीवर नीट धरलं. आण्णासाहेब म्हणाले, "रणधीर, जेव बाबा. शांताबाई, त्याला अजून एक भाकरी वाढा." बातमीदारानं फोटो काढला. त्यात माझ्या तोंडात पोळी आहे. छापला नाही, तेवढी माणुसकी त्याच्यात आहे.

दसऱ्याच्या आधीच सामान वर गेलं. मला तिनं पातेली उचलू दिली, तवा नाही. तवा पदरात धरून एक एक पायरी चढत गेली. चुलीनं काळी केलेली खालची भिंत कुलदीपच्या माणसांनी एका दिवसात पांढरी करून टाकली. शांताक्का जिन्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "चांगली दिसती की," आणि वर निघून गेली. म्हातारे वकीलसाहेब गुडघ्यांमुळं आता येत नाहीत. डबा न्यायला ज्युनियर येतो. ते खटला हरले का, पोळी द्यायची का, हे अक्काला डब्यावरून कळत नाही. त्याचं तिला फार वाईट वाटतं.

खाली कॅफेत पोरं एका कॉफीवर तासन् तास बसतात आणि भूक लागली की मागच्या जिन्यानं वर येतात. जिना नव्या माणसाला लवकर सापडत नव्हता. म्हणून अक्कानं माझा फ्लेक्स कापला. समितीचं नाव कापून काढलं, सगळ्या घोषणा काढल्या, फक्त मी ठेवला, आभाळाकडं बोट केलेला. तो जिन्याच्या तोंडाशी टांगला आणि खाली धनाजीकडून रंगानं लिहून घेतलं, 'जेवण वर आहे'. मी खूप भांडलो. ती म्हणाली, "तम्मा, एवढं बोट दाखवतोस, एकदा तरी कामाला येऊ दे."

परवा जळकोटचा एक पक्षकार जिन्याशी थांबला होता. फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मालक का तुम्ही?"

"नाही. अध्यक्ष."

"म्हंजे वाढायला तुम्हीच असता?"

मी तोंड उघडलं होतं. पण त्यानं पायरीशी चपला काढल्या, एक इकडं, एक तिकडं, आणि वरून येसराच्या आमटीचा वास आला.

"चला," मी म्हणालो. "आज पोळी असणार."