पिवळ्या पिल्लाचा रंग

झाडावर राहणारे हिरवे अजगर पाळायचे आणि त्यांच्यापासून वेगळ्याच रंगाचं पिल्लू मिळवायचं, हे माझं वेड. यांची पिल्लं जन्मतः पिवळी असतात आणि वाढता वाढता हिरवी होतात. मला जन्मभर पिवळंच राहणारं एक हवं होतं.

एका खेपेच्या अंड्यांतली सगळी भावंडं हिरवी झाली, एक मात्र हळदीसारखं पिवळं राहिलं. काचेच्या पेटीतल्या आडव्या फांदीवर ते सुताच्या लडीसारखं लोंबत बसायचं. दुपारी शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकत मी त्याच्याकडे बघत राहायचो. डोळा लागला तरी समोर पिवळंच दिसायचं.

माझ्या थोरल्या भावाचं आयुष्य चादरींचं सूत रंगवण्यात गेलेलं. मी हात जोडून, नाटकी आवाजात विचारलं, "अण्णा, रंग टिकेल का, सांग की!"

सूत तपासतात तसं अण्णानं पांढरं फडकं ओलं केलं आणि पिल्लाच्या पाठीवर घासलं. पिल्लानं फडक्यालाच कडकडून चावा घेतला. फडकं पांढरंच राहिलं.

"पक्का हाय! कितीबी धू!"

मी गल्लीभर पेढे वाटले.

मग एका सकाळी पाठीवर हिरवा ठिपका दिसला. तो रोज थोडा पसरत गेला, आणि पिवळं संपता संपता कण्यावर एक निळी रेघ उमटली. मी रुसून बसलो होतो.

अण्णा पेटीला नाक लावून म्हणाला, "असला निळा माझ्या हातनं कधी निघाला न्हाय रे."

मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.