चिचखेडीचा नामंजूर रस्ता

साहेबांची टोपी बोरीच्या काट्यांत अडकली होती. स्वतः साहेब खाजकुयलीत उभे होते. आणि हाकेच्या अंतरावरून अख्खं गाव ओरडत होतं, "साहेब, तिकडून कायले चालून राहिले? रस्ता त इकडं आहे जी!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि म्हणालो, "सर, अजून थोडं डावीकडे."

मी तेव्हा पीडब्ल्यूडीत ओव्हरसिअर होतो. ओव्हरसिअर म्हणजे ज्याला इंजिनिअर रागावतो आणि जो मुकादमाला रागावतो, तो. ऑफिस सौसरला, कामं पांढुर्ण्यापर्यंत. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. आमचं नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात उरलो आणि राजधानी भोपाळला गेली. मामा एका राज्यात, भाचा दुसऱ्यात. जुने साहेब नागपूरला निघून गेले आणि त्यांच्या जागी ग्वाल्हेरकडचे नवे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर आले. उंच, मिशाळ, पायात शिकारीचे बूट. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, इथं मराठीत देतो.

तिगाव आणि पांढुर्णा ही रेल्वेची लागोपाठची स्टेशनं. चिचखेडी या दोन्हींच्या मधोमध. गाडी गावाच्या उशाशी धडधडत जायची, पण थांबायची नाही. गावाला होती ती फक्त पांधण, म्हणजे शेताशेतांतून जाणारी बैलगाडीची वाट. पावसाळ्यात तिच्यात बैल पोटापर्यंत रुतायचे. आदल्या पावसाळ्यात गणाजी पाटलांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. बैलगाडी पांढुर्ण्याच्या दवाखान्यापर्यंत जाईना, म्हणून तिला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर घेतलं. नाल्याकाठी पाऊस डोक्यावर घेत ती बाळंत झाली. मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. पाटील दर बाजाराला माझ्याकडे येऊन बसायचे आणि एवढंच म्हणायचे, "रस्त्याचं पाहा जी."

मी प्रस्ताव केला. नवे साहेब म्हणाले, "कागदावर माझा विश्वास नाही. तिगाव ते पांढुर्णा पायी चालू. डोळ्यांनी पाहीन, मग लिहीन."

मला आनंद झाला. त्या पांधणीतून एकदा चालल्यावर दगडसुद्धा रस्ता मंजूर करील, अशी तिची अवस्था होती. माघ महिना होता, चिखल नव्हता, पण गाडीच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होत्या. मी पाटलांना निरोप धाडला की साहेब येत आहेत. तिथंच घात झाला.

पॅसेंजरनं आम्ही तिगावला उतरलो. चिचखेडीची शीव लागली आणि मी जागच्या जागी थांबलो. पांधण ओळखू येईना. चाकोऱ्यांत मुरूम भरून चोपला होता. दोन्ही बाजूंना चुन्यानं रंगवलेले गोटे. धूळ उडू नये म्हणून पाण्याचा सडा. पुढं आंब्याच्या पानांची कमान आणि तिच्याखाली नवं धोतर नेसून हात जोडलेले गणाजी पाटील.

मी त्यांना बाजूला घेतलं. "पाटील, हे काय करून ठेवलं?"

"आठ दिस झाले जी, सारं गाव राबून राहिलं. लेकरंबाळं, बायका, सारेच. साहेब पहिल्यांदाच येऊन राहिले. असा खराब रस्ता त्यायले कसा दाखवा? गावाची इज्जत आहे ना बापा!"

आमच्या भागातली ही रीतच आहे. पाहुणा घरात येणार म्हटलं की गळकं छप्पर आधी झाकायचं, मग तो पाहुणा छप्पर दुरुस्त करणारा का असेना.

साहेबांनी छडी आपटून पाहिली. टण्ण आवाज आला. "ओव्हरसिअर, हा रस्ता तर माझ्या बंगल्यापुढच्या रस्त्याहून चांगला आहे. नवीन कशासाठी पाहिजे?"

माझ्या डोळ्यांपुढं ती बाज आली. मी तोंडाला येईल ते बोललो. "सर, आपली अलाइनमेंट इथून नाही." अलाइनमेंट म्हणजे रस्ता कुठून न्यायचा ती आखणी. "ती तिकडून आहे." आणि जिकडं बोट केलं तिकडं नुसतं रान होतं. पळस, बोरी, बाभळी आणि मध्ये नाला. साहेबांना चालण्याची हौस. ते त्या रानात घुसले, आणि खाजकुयलीपर्यंत आम्ही असे पोचलो.

गावाला वाटलं, साहेब वाट चुकले. ओरडूनही आम्ही परतत नाही म्हटल्यावर कोटवार सुकाजी कुऱ्हाड घेऊन धावत आला. कोटवार म्हणजे गावाचा सरकारी राखणदार, साहेबाला काटा रुतू न देणं हे त्याचं कामच. तो आमच्या पुढं होऊन सपासप फांद्या तोडू लागला. मागून माणसं आली आणि फांद्या उचलून फेकू लागली. त्यांच्या मागून बायका खराटे घेऊन. मी डावीकडे वळलो की रस्ता डावीकडे तयार, उजवीकडे वळलो की उजवीकडे. साहेब खाजवत खाजवत म्हणाले, "कमाल आहे. इथं तर माणसांच्या पुढं पुढं रस्ता उगवतो."

शेवटी मी पाटलांच्या दंडाला धरलं. "पाटील, काटे राहू द्या!"

"काहून जी? साहेबाले रुततील ना."

"रुतूच द्या. चांगली वाट दिसली की ते रस्ता देत नाहीत. हाल झाले तरच देतील. समजलं?"

पाटलांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "असं हाय काय! मंग आधी नाही सांगाव?" आणि ते मागं वळून गरजले, "थांबा रे! काटे परत टाका!"

हा गडी अर्धवट काही करत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तोडलेल्या फांद्या साहेबांच्या पुढ्यात येऊन पडू लागल्या. सुकाजी तर "माफ करजा जी" म्हणत एकेक काटेरी फांदी अदबीनं ठेवत होता. नाल्याशी पोचलो तर तिथं माघात गुडघाभर चिखल! पाटलांनी संत्र्याच्या बगीच्यातला पाण्याचा पाट फोडून नाल्यात सोडला होता. साहेबांनी एक पाय टाकला, तो आत गेला. तो काढायला दुसरा टाकला, तोही गेला. शिकारीचे बूट आत राहिले, साहेब बाहेर निघाले. पायही मुरगळला.

मग बाज आली. साहेबांना तिच्यावर निजवून चौघांनी खांदा दिला. त्यांचे मोजे घातलेले पाय बाजेबाहेर लोंबत होते. पाटील शेजारून चालत होते. बाज नाल्याच्या काठाकाठानं निघाली. मग पाटील म्हणाले, "साहेब, माही सून याच बाजेवर नेली होती जी. पाऊस होता. इथंच, या पळसापाशी..." मराठी साहेबांना येत नव्हती, तरी त्यांनी पाटलांच्या खांद्यावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, झालं, रस्ता मंजूर.

पांढुर्ण्याच्या स्टेशनात वेटिंग रूममध्ये मी साहेबांच्या पोटऱ्यांतले काटे काढत होतो, तेव्हा त्यांनी निकाल सांगितला.

"ओव्हरसिअर, मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटतं. पण लिहिणार काय? सकाळी जो रस्ता पाहिला तो इतका चांगला, की नव्याची गरज नाही. दुपारी जी जागा पाहिली ती इतकी वाईट, की तिथं रस्ता होणंच शक्य नाही. नामंजूर."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. रागही आला आणि हसूही. मी म्हणालो, "सर, सकाळच्याच वाटेनं नेऊ ना रस्ता." ते म्हणाले, "अलाइनमेंट तिकडून आहे, असं तूच म्हणालास." मी पुढचा काटा काढायला घेतला.

बाहेर प्लॅटफॉर्मवर सारं गाव उकिडवं बसलं होतं. पाटील उठले. "काय म्हणते साहेब?"

नामंजूर हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "पुन्हा येतो म्हणाले. पावसाळ्यात. सकाळच्या वाटेनं. ती त्यांना आवडली."

"पावसाळ्यात?" पाटील विचारात पडले. "मंग त मुरूम जास्त टाका लागते."

आणि गाव कामाला लागलं. उन्हाळाभर पांधणीवर मुरूम पडत होता. नाल्यात दगड बसवून त्यांनी रपटा केला, म्हणजे ज्याच्यावरून पाणी वाहिलं तरी गाडी जाते तो बुटका पूल. दोन्ही कडेला चर खणले. त्यांचा उतार कसा ठेवायचा ते मी रविवारी जाऊन दाखवायचो आणि साहेबांचा हुकूम आहे असं सांगायचो. साहेबांची तोवर भोपाळला बदलीही झाली होती.

श्रावणात, धो धो पावसाच्या दिवशी, पाटील पांढुर्ण्याच्या बाजारात मला शोधत आले. नखशिखांत भिजलेले.

"नात झाली जी. दवाखान्यात. गाडी कुठंच नाही अडकली. मायलेकी बऱ्या हायेत."

डोळे भरून आले ते पावसात खपून गेलं. पाटलांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक विचारू काय जी? साहेब काही येत नाही ना?"

"नाही, पाटील."

"मले वाटलंच होतं." मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पण गावात नोका सांगू, बापा. रपट्याची एक बाजू अजून बाकी आहे."

पुढं नोकरीत मी पुष्कळ मंजूर रस्ते बांधले. बहुतेकांना पहिल्याच पावसात खड्डे पडले. हा नामंजूर तेवढा टिकला, कारण चिचखेडीत दरवर्षी पोळा झाला की दवंडी व्हायची, साहेब येऊन राहिले, आणि गाव मुरूम टाकायला निघायचं. एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो. आलेल्या साहेबापेक्षा येणारा साहेब कामाचा.