दोन दारांच्या दोन गाड्या

मे १९९८ मधला एक सोमवार, सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं. सुरतेजवळच्या सचिन गावाच्या औद्योगिक वसाहतीबाहेर, रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बन्सीलाल पाटील स्वतःच्या गाडीचं छप्पर कापत होते. ग्राइंडर चालू होता. नाकाला उपरणं बांधलेलं होतं, पण फायबरची भुकटी भुवयांवर आणि हातांच्या केसांवर पांढरी बसली होती. पत्रा कापताना ठिणग्या उडतात, इथे धूळ उडत होती. बन्सीलाल सत्तावीस वर्षं पत्रा कापत आले होते. फायबर त्यांनी याआधी कधी कापलं नव्हतं.

ते डेंटर आहेत. ठोकर लागलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचा, गंजलेला भाग कापून नवा जोडायचा, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायची, हे त्यांचं काम. शिंदखेड्याकडच्या एका गावातून ते सुरतेला आले ते लूमवर बसायला. खटखटाट सहन झाला नाही, म्हणून उधन्याच्या एका गॅरेजात ट्रकच्या केबिनी ठोकायला लागले. पुढे सचिनला स्वतःची शेड टाकली आणि मागच्या दोन खोल्यांत संसार मांडला. बायको भागीरथी आणि एकुलती मुलगी नूतन. नूतन आता लग्न होऊन कोसाडला असते.

बन्सीलालना एक नाद होता. दोन दारांच्या, बुटक्या, लहान गाड्या. त्या काळात सुरतेच्या रस्त्यावर अशा गाड्या फार नव्हत्या आणि ज्या होत्या त्या कुणाला नको होत्या, कारण घरात माणसं सहा आणि मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागायचं. त्यामुळे त्या स्वस्तात मिळत. बन्सीलालनी १९८६ साली अठवा लाइन्समधल्या एका पारशी कुटुंबाच्या आवारातून जुनी पांढरी हेराल्ड उचलून आणली. सहा वर्षांनी दोन दारांचीच, पण वेगळ्या कंपनीची दुसरी आली, बंगळूरला बनलेली, फायबरच्या बॉडीची, पिवळी.

शेडमधल्या लोकांना त्यावर वर्षभर पुरेल इतका विषय मिळाला. शेजारी रंगाची फवारणी करणारे सुपडू माळी हेराल्डच्या बाजूचे. बन्सीलाल फायबरच्या. रविवारी दोघे दोन गाड्या घेऊन डुमसच्या समुद्रावर जायचे. वाटेत शर्यत, तिथे टोमॅटोची भजी आणि परत येईपर्यंत वाद.

"पिकअप पाहिलास का सुपडू? पुलावर तू दिसलाच नाहीस."

"पुलावर दिसलो नाही, पण वळायला किती वेळ लागला तुला? मागं-पुढं, मागं-पुढं. हेराल्ड जागच्या जागी फिरते, भाऊ. गरब्यात फिरतात तशी."

"आणि गंजते."

"गंजू दे की. गंज नसता तर तू काय खाल्लं असतंस?"

गंजावर पोट असलेल्या माणसाला न गंजणाऱ्या गाडीचं अप्रूप वाटावं, यात तसं नवल नाही. खाडीची हवा सुरतेतला कुठलाच पत्रा सोडत नाही. बन्सीलाल पिवळ्या गाडीच्या दारावर बोटाने टकटक करून दाखवायचे. "पन्नास वर्षं काही होत नाही हिला."

भागीरथीबाईंचं मत हेराल्डला होतं. तिचं दार लांब, मोठं उघडायचं. लुगडं अडकायचं नाही. पिवळीत बसताना गुडघे तोंडाशी येतात म्हणायच्या. "लोकेसना एक गाडीले चार दारे, आपला दोन मिळीसन चार," असं शेजारणींना हसून सांगायच्या. १९९५ मध्ये एक गाडी विकायची ठरली तेव्हा मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. बन्सीलालनी पळणारी ठेवली आणि वळणारी विकली. घेणारा तुषार कर्णिक, बँकेत नव्याने लागलेला मुलगा. वडील मूळचे नाशिकचे, तेही सुरतेत बँकेतच होते. तुषारला बन्सीलाल गाडीबरोबर मिळाले. किरकोळ काहीही झालं की तो 'काका' म्हणत शेडवर यायचा.

१९९८ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, भागीरथीबाई चुलीपुढे बसलेल्या असताना डाव्या अंगावर कोसळल्या. अर्धांगाचा झटका. बोलणं शाबूत राहिलं. डावा हात आणि पाय गेला. शहरातल्या दवाखान्यात व्यायाम करवून घेणाऱ्या सायली नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी बन्सीलालना बाजूला बोलावून साध्या शब्दांत सांगितलं, "पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत येतं, बहुतेक तेवढंच येतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊला. चुकवू नका."

पहिल्या दोन वेळा रिक्षा केली. दुसऱ्या वेळी उधन्याच्या वळणावर भागीरथीबाई उघड्या बाजूने बाहेर कलंडल्या. बन्सीलालनी पदर धरला म्हणून खाली पडल्या नाहीत, पण पदर गेला, रस्त्यावर माणसं जमली, चार परक्या पुरुषांनी हात घालून त्यांना उचललं. त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "आते मी कोठेच नही जास, नूतनना बाप." व्हॅन भाड्याने आणली तरी तेच. आत वाकवून बसवायला दोन माणसं लागत आणि बन्सीलालशिवाय दुसऱ्या पुरुषाचा हात त्या लावू देईनात. नूतनला तेव्हा पाचवा महिना होता, तिला उचलायला लावता येत नव्हतं. पिवळी गाडी दारातच उभी होती. बन्सीलालनी एकट्याने तीन सकाळी प्रयत्न केले. सीट जमिनीला टेकलेली, दार आखूड, भागीरथीबाईंचा गुडघा वाकत नव्हता आणि मान खाली होत नव्हती. तिसऱ्या सकाळी त्यांचं कपाळ छपराच्या कडेला आपटलं. त्यानंतर फेब्रुवारी आणि मार्च घरातच गेले.

एप्रिलमध्ये तुषार हेराल्ड घेऊन आला. त्याने कुठल्याशा मासिकात उघड्या टपाच्या नव्या दोन-सीटरचे फोटो पाहिले होते.

"काका, आपल्या हेराल्डचं छप्पर निघतं ना?"

"निघतं. बोल्टवर आहे. तिची ताकद सगळी खालच्या चासीत."

"मग काढा. वर कॅनव्हासचं घडीचं टप करू. आणि रंग लाल."

"लाल? बँकेवाले म्हणतील, खातं लाल शाईत गेलं."

"म्हणू देत. दोन आठवड्यांत होईल ना?"

छप्पर एका दुपारीच निघालं. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बन्सीलालनी सकाळी हेराल्डचं लांब दार पूर्ण उघडलं, भागीरथीबाईंना काखेत हात घालून उभं केलं, पाठीमागून धरून सीटपुढे नेलं आणि वरून खाली सोडलं. वाकायचं नाही, मान घालायची नाही. एकट्या माणसाचं काम. भागीरथीबाईंनी पदर उजव्या हाताने डोक्यावर घेतला आणि सीटला हात लावून पाहिला.

"हाई तर पोराची गाडी शे."

"काम चाललंय तिचं. काम चाललेली गाडी आपलीच."

"त्याले विचारं का?"

बन्सीलालनी दार लावून घेतलं. गाडी चालू केली.

सत्तावीस वर्षांत बन्सीलालनी गिऱ्हाइकाची गाडी एक दिवसही जास्त ठेवून घेतली नव्हती. बाकीचे डेंटर 'कल ले जाना' म्हणत महिना काढतात, याची ते चेष्टा करायचे. आता तेच सांगू लागले. लांबी सुकली नाही. कॅनव्हास आला नाही. रंगाची छटा जमत नाही. सुपडू रंगाचा डबा तयार ठेवून बसले होते. आठवड्यातून तीन सकाळी शेड दुपारपर्यंत बंद राहायची.

तिसऱ्या आठवड्यात भागीरथीबाईंच्या डाव्या हाताची मूठ वळली. सायलीबाईंनी त्यांच्या हातात रबरी चेंडू दिला, तो खाली पडला नाही. घरी येऊन त्यांनी परातीतलं पीठ डाव्या मुठीने दाबून पाहिलं. भाकरी झाली नाही, पण पिठात चार बोटांचा ठसा उमटला. तो त्यांनी बन्सीलालना बोलावून दाखवला.

दहा मेच्या रविवारी तुषार न सांगता आला. हेराल्ड अजून पांढरीच होती. सीटवर जुनी गोधडी घडी करून ठेवलेली होती आणि टेकायच्या जागी नारायण तेलाचा मोठा डाग पडला होता. मालिशच्या तेलाचा वास उघड्या गाडीतही राहतो.

"काका, हे काय सांडलंय?"

"ग्रीस."

तुषारने बोट लावून वास घेतला. मग म्हणाला, "माझी अहमदाबादला बदली झालीये. गाडी घेऊन जायचीये. रंग राहू दे, टप तेवढं बसवा. शनिवारी नेतो."

"शनिवारी मिळेल."

त्या वेळी बन्सीलालनी फक्त तोंड उघडायचं होतं. तुषारने पुढे सुपडूंना सांगितलं की काकांनी एक शब्द टाकला असता तर गाडी इथेच ठेवून आपण रेल्वेने गेलो असतो. सुपडूंनी ते बन्सीलालना त्याच दिवशी सांगितलं नाही, नंतर सांगितलं. गाडी मागायची तर आधी 'ग्रीस' खोटं होतं हे सांगावं लागलं असतं. ते बन्सीलालना जमलं नाही. त्यांनी पाच दिवसांत टप शिवून घेतलं, सीटचा डाग रॉकेलने काढला आणि शनिवारी सकाळी गाडी पुसून रस्त्यावर उभी केली. तुषारने वाकून नमस्कार केला आणि निघाला. चौकात हेराल्ड एका झटक्यात वळली आणि दिसेनाशी झाली.

रविवारभर बन्सीलाल पिवळ्या गाडीभोवती फिरले. खाली झोपून पाहिलं. हिलाही खाली लोखंडी चासी होती. चासी आहे म्हणजे ताकद खाली आहे, आणि छप्पर म्हणजे नुसतं झाकण. पत्र्याच्या माणसाचा हा हिशेब होता आणि हेराल्डपुरता तो बरोबर ठरला होता. सीट खालून चार बोटं उचलायची, छप्पर कापायचं, सोमवारी नऊला पोचायचं.

सुपडू संध्याकाळी आले. त्यांनी खडूची रेघ पाहिली.

"भाऊ, पत्रा वाकतो, मग फाटतो. तो आधी सांगून टाकतो. फायबर सांगत नाही."

"तू रंग मार."

"मारतो की. तू कापू नको. फायबरवाल्या माणसाला विचारू, अंकलेश्वरला एक आहे."

"तो यायला आठ दिवस. इथे सहातले चार महिने गेले."

सोमवारी साडेसातला छप्पर सुटलं. बन्सीलालनी ते एकट्यानेच उचलून बाजूला ठेवलं. पत्र्याच्या छपराच्या मानाने ते काहीच नव्हतं. भागीरथीबाईंना वरून सीटवर सोडलं. बसल्या. दार लावलं, लागलं. शेडपासून रेल्वे फाटकापर्यंत गाडी नीट आली. फाटकाच्या रुळांवर चाकं चढली आणि दाराच्या खांबाच्या बुडातून कोरडा आवाज आला. दुसऱ्या रुळावर डावं दार आपोआप उघडलं. चीर खांबातून खाली उतरून भागीरथीबाईंच्या पायांपर्यंत गेली होती आणि तिच्यातून रुळांमधली खडी दिसत होती. बन्सीलालनी एका हाताने त्यांचा दंड धरला, एका हाताने स्टिअरिंग, आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी पलीकडे काढली. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

"घर चाला," भागीरथीबाई म्हणाल्या.

"दार बांधतो. सुतळी आहे. पोचू."

"घर चाला, नूतनना बाप."

त्यांनी दार सुतळीने बांधलं आणि गाडी वळवली. वळायला तीन वेळा मागे-पुढे करावं लागलं.

अंकलेश्वरचा माणूस आठ दिवसांनी आला. त्याने चिरेत नख घातलं आणि सांगितलं की एक ठिगळ लावलं तर शेजारी चीर जाईल. पूर्ण साचा नवा हवा, आणि तो आता कुठे मिळत नाही. पिवळी गाडी शेडमागे विटांवर आहे. नूतनला जूनमध्ये मुलगी झाली. ती मायकडे येऊन राहिली तेवढ्या दिवसांत रोज सकाळी डाव्या हातात चेंडू देऊन पाहायची. मूठ वळते, पण दाबत नाही. भागीरथीबाई नातीला उजव्या मांडीवर घेतात. त्यांनी कुणाला दोष दिल्याचं कुणी ऐकलेलं नाही. बन्सीलालना त्यांनी एकदाच विचारलं, हेराल्ड अहमदाबादला नीट पोचली का.

जुलैच्या मध्यात सहा महिने पूर्ण झाले. सायलीबाईंनी निरोप पाठवला होता की अजूनही आणता आलं तर आणा, आहे तेवढं तरी टिकेल. बन्सीलालनी निरोप ऐकून घेतला.

उद्या बुधवार. व्यायामाची वेळ नऊचीच आहे. बन्सीलालची शेड उद्या आठला उघडेल. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसचा, कापड रंगवण्याच्या कारखान्याचा, टेम्पो केबिनचा पत्रा बदलायला आजच दारात येऊन उभा राहिला आहे.