बांधावरची पंगत

लग्नानंतरच्या पहिल्याच येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, मला कळलं, की माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. शेतं शेजारीशेजारी, मधे एक बांध. पेरणीच्या वेळी धाकट्यांच्या ट्रॅक्टरनं तो कोरला, तेव्हापासून अबोला. अगदीच काही सांगायचं झालं, तर सासरे आमच्या म्हशीकडं बघून मोठ्यानं बोलायचे आणि धाकटे पलीकडून ऐकायचे.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली. दोघांना समोरासमोर बसवून मन मोकळं करायला लावावं, असा माझा बेत होता. सासूबाई म्हणाल्या, "तू आधी भाकरी बांध."

येळवशीला अख्खं घर शेतात असतं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी खोपी घालायची, पूजा करायची, मग डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, भाकरी नि अंबील. त्या दिवशी एकट्यानं कुणी जेवत नाही. वाटसरूलाही हाक मारतात. त्या वर्षी बांधाच्या अलीकडं आमची कोप, पलीकडं त्यांची.

दुपारी तुळजापूरहून आत्याबाई आल्या, दोघा भावांची थोरली बहीण. दोन्हीकडून हाका गेल्या. त्या बांधापर्यंत आल्या आणि तिथंच फतकल मारून बसल्या.

"बोलावणं दोन्हीकडचं हाय," त्या म्हणाल्या. "मला हितंच वाढा. आन् तुमी दोघं संगं बसणार आसाल तरच जेवीन."

सासरे उगाच कोपीचा कडबा नीट करत राहिले. धाकटे कणसं चाचपत राहिले. आत्याबाई उन्हात बसून. थोरली बहीण सणाला उपाशी, हे काही दोघांना सोसेना. शेवटी सासरे ताट घेऊन गेले, मागोमाग धाकटे.

सासूबाई वाढत होत्या. धाकटे त्यांना म्हणाले, "वैनी, अंबील लई झ्याक झालीया."

"घे की अजून," सासरेच म्हणाले.

हात धुताना धाकट्यांनी विषय काढला. "दादा, माझ्या दोन वळी तुमच्या रानात आल्यात. उद्या मोडतो."

"उभं पीक मोडू नगं. काढणी झाली की घालू बांध."

परतताना मी आत्याबाईंना विचारलं, "चूक कुणाची, हे तुम्ही विचारलंच नाही?"

"इचारलं आसतं तर एकाला सगळ्यांदेखत खाली बघावं लागलं आसतं. मग त्यो जेवला आसता व्हय?"

काढणीनंतर दोघांनी मिळून बांध घातला. मी चहा घेऊन गेले, तेव्हा तो वाकडा झाला की सरळ, यावर त्यांची हुज्जत चालली होती. मी बांधाकडं न बघता दोघांपुढं कप धरले.