ज्याने मागितलं, त्याने उचलावं

टीममध्ये बाईंना सगळे बाईच म्हणत, कारण त्यांच्याइतकं जुनं तिथे दुसरं कोणी उरलं नव्हतं. जगभर वापरली जाणारी एक प्रोग्रामिंगची भाषा होती. ती भाषा बनवणारे वेगळे. ती कशी वापरायची हे सांगणारी पानं बाई सांभाळत. शेजारच्या वहिनींना त्यांनी एकदा हे समजावून सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मिक्सरबरोबर पुस्तिका येते ना, ती." बाईंना राग आला नाही. इतक्या थोडक्यात त्यांच्या साहेबांनाही ते कधी सांगता आलं नव्हतं.

पुस्तिका कोणी वाचत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. अडलं की वाचतातच, आणि अडलेला माणूस पुस्तिकेतल्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्यामुळे खोट्या पुस्तिकेइतकं मोठं पाप दुसरं नाही, असं बाईंचं मत होतं आणि ते त्या समोर कोण आहे हे न बघता बोलून दाखवत.

बाई घरूनच काम करत; मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं. भिंतीपलीकडचं स्वयंपाकघर यजमानांनी निवृत्त झाल्यापासून काबीज केलं होतं, आणि तिथून भांडी पडल्याचे आवाज दिवसभर येत. टीममधली मंडळी यजमानांना झाडवाले म्हणत, कारण भाषेचा जुना पार्सर त्यांनी लिहिलेला. पार्सर म्हणजे प्रोग्राम वाचून त्याची फोड करणारा भाग. आपण शाळेत वाक्याची करायचो तशी. या फोडीला फांद्या फुटत जातात, म्हणून तिला झाड म्हणतात. सी नावाच्या दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्यांनाही हा पार्सर वापरता यावा म्हणून झाडवाल्यांनी काही फंक्शनं, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणारे तयार तुकडे, दिली होती. मजकूर द्या, झाड घ्या, एवढा सरळ व्यवहार.

बाई नव्यानेच कामाला लागल्या होत्या तेव्हा झाडवाल्यांनी या फंक्शनांची पानं लिहून पाठवली आणि त्यांना पुस्तिकेत जागा मागितली. बाईंनी ती एक प्रश्न विचारून परत केली. "काम झाल्यावर हे झाड उचलायचं कोणी?" सीमध्ये हा प्रश्न टाळून चालत नाही. मेमरीत घेतलेली जागा मोकळी केली नाही, तर प्रोग्राम फुगत फुगत शेवटी मान टाकतो. झाडवाल्यांचं उत्तर आलं, "ज्याने मागितलं, त्याने उचलावं." बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं पानावर घातलं.

पुढे दोघांचं लग्न झालं आणि ते वाक्य घराचा कायदा झालं. ज्याने कप घेतला त्याने विसळायचा. ज्याने पाहुणे बोलावले त्याने गाद्या घालायच्या. लेकीने मांजर मागितलं, तेव्हा मांजराचं सगळं लेकीनेच केलं. ते गेल्यावर रडायचं कामही तिनेच केलं, असं झाडवाले सांगत. ही मात्र शुद्ध थाप होती. सगळ्यात जास्त तेच रडले होते.

काही वर्षांपूर्वी भाषेला नवा पार्सर आला. झाडवाल्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं, आणि नंतर आठवडाभर ते धड जेवले नाहीत. जुन्या फंक्शनांवर आधी 'वापरू नका' असा शेरा बसला, मग ती भाषेतून काढूनच टाकली. पानं तेवढी राहून गेली. खरं सांगायचं तर बाईंनी ती राहू दिली. प्रत्येक आवृत्तीच्या वेळी हातात काहीतरी जास्त महत्त्वाचं काम असे, आणि नसलं तर बाई ते शोधून काढत. नवऱ्याचा कोड गेला होता, ऑफिसातली खुर्ची गेली होती, आता त्या भाषेत त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं. तेही आपल्याच हाताने पुसायचं, आणि पुन्हा तो न जेवण्याचा आठवडा बघायचा, याची त्यांना भीती वाटत होती.

मग एका कारखान्यातल्या इंजिनिअर मुलीची तक्रार आली. पानावर लिहिलंय तसंच केलं, पण असं फंक्शनच सापडत नाही म्हणून मशीन अडून बसतं. अख्खा दिवस गेला. शेवटी तिने लिहिलं होतं, मला वाटलं मलाच काही येत नाही.

ते वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. खोट्या पुस्तिकेच्या नावाने बोटं मोडणाऱ्या त्या, आणि त्यांच्याच घरातली पुस्तिका खोटी निघाली होती. त्यांनी पदर खोचला आणि जुन्या पार्सरची पानं भराभर काढून टाकली. फक्त झाडाचं पान, ते वाक्य असलेलं, तेवढं हातून निघेना. ते त्यांनी ठेवलं आणि बाकीचा बदल तपासायला पाठवून दिला.

तपासणाऱ्या सहकाऱ्याला सगळे फौजदार म्हणत, यातच काय ते आलं. त्याच्या नजरेतून स्वल्पविरामही सुटत नसे, तिथे अख्खं पान कसं सुटणार? त्याने फोन केला. बाईंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, तो झाडवाल्यांनी उचलला. "काका, बाईंना सांगा ना, तुमचं ते झाडाचं पान काढायचं राहिलंय." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं.

झाडवाले दोन कप चहा घेऊन मागच्या खोलीत आले. एक कप त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"माझं पान राहिलं म्हणे."

"काढते उद्या."

"तुझ्या हातून पान राहतं? दुसऱ्या कोणाला तरी सांग."

बाईंनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तुमच्यासाठी ठेवलं. नवा पार्सर आला तेव्हा तुम्ही आठवडाभर जेवला नव्हतात."

"तेव्हा माझी दाढ दुखत होती."

"काहीतरीच."

"बरं, नव्हती दुखत." झाडवाल्यांनी स्टूल ओढलं आणि चष्मा लावून स्क्रीनवरची तक्रार वाचली. पुन्हा एकदा वाचली. त्यांचा चेहरा उतरला, पण बाईंना वाटलं होतं त्या कारणाने नाही. "पोरीला वाटलं तिलाच येत नाही," ते म्हणाले. "अगं, दुकान बंद झालं तर आधी पाटी उतरवायची. लोकांना उगाच जिने कशाला चढायला लावायचे? सरक जरा."

"मी काढते ना."

"तू कशी काढशील? या पानाला जागा मागितली कोणी होती? मी."

बाईंनी कीबोर्ड त्यांच्यापुढे ढकलला. त्या सरकल्या.

झाडवाल्यांनी स्वतःच्या नावाचं जुनं खातं उघडून पान काढलं. त्या जुन्या वाक्यापाशी ते जरा थांबले, इतकंच. यादीतल्या त्याखालच्या फंक्शनाकडे बाईंचा हात जाताच त्यांनी अडवलं. "याला हात लावू नकोस. नाव सारखं वाटतं, पण ते अजून जिवंत आहे." मग इतर पानांवरून या पानाकडे येणारे दुवे तुटल्याच्या तक्रारी स्क्रीनवर येऊ लागल्या, त्या दोघांनी मिळून निस्तरल्या. वाट चुकून येणाऱ्यासाठी नव्या आवृत्तीच्या पानावर एक ओळ घातली: ही फंक्शनं काढली आहेत, त्याऐवजी हे वापरा. झाडवाल्यांनी पुढे 'क्षमस्व' लिहिलं. बाईंनी ते खोडलं. "पुस्तिकेत क्षमस्व नसतं."

फौजदाराचं उत्तर लगेच आलं. मंजूर, आणि पुढे काही नाही. बाईंनी नवऱ्याकडे चोरून पाहिलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, रात्री बटाटे घालून काय काय करता येईल ते सांगत उठले आणि स्वयंपाकघरात गेले. थोड्याच वेळात भांडं पडल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून बाईंचा जीव भांड्यात पडला. माणूस आज जेवणार होता.

टेबलावर झाडवाल्यांचा कप न विसळता तसाच राहिला होता. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच. बाईंनी दोन्ही कप उचलले, सिंकशी जाऊन विसळायला घेतले.

"तो माझा आहे," झाडवाले म्हणाले.

"माहीत आहे."

"मग? कायदा काय सांगतो?"

"कायद्याचं पान तर तुम्ही आत्ताच काढलंत," बाई म्हणाल्या.

झाडवाले हसले, आणि खुंटीवरचं फडकं घेऊन कप पुसायला त्यांच्या शेजारी उभे राहिले.